बारा व्होल्टचा पंप आणि भरलेली थैली

आमच्या घरात एक इंजिनियर आहे, याचा मला लग्नानंतर बरीच वर्षं अभिमान होता. ते रिटायर झाले आणि अभिमान उतरला. सरकारी नोकरीत असताना त्यांच्या हाताखाली दोन ज्युनियर, चार वायरमन आणि एक स्टेनो असायची. आता फक्त स्टेनो उरली आहे. ती मी. लग्नाआधी दोन वर्षं आणि लग्नानंतर सात वर्षं मी त्यांच्याच सेक्शनला होते, आणि त्यांच्या फायलींवरचे शेरे टाइप करता करता माझी बोटं वाकडी झाली आहेत. त्या शेऱ्यांचा अर्थ मला कधी कळला नाही. कळण्याची गरजही कुणाला वाटली नाही.

मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. ड्रॉमध्ये वरचा मजला निघाला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. डोक्यावर कुणाचे पाय नाहीत, हवा भरपूर, गच्ची हाताशी. गच्ची हाताशी असण्याचा खरा अर्थ दिल्लीचा मे महिना शिकवतो. दिवसभर स्लॅब तापतो आणि संध्याकाळनंतर ती सगळी धग हप्त्याहप्त्याने घरात सोडतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही गच्चीला तो उन्हं परतवणारा पांढरा रंग मारून घेतला होता. पहिला उन्हाळा बरा गेला. मग पावसाळ्यात शेवाळ आलं, थंडीत धूर आणि धूळ बसली, आणि उरलंसुरलं कबुतरांनी केलं. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ पुण्य कमवायला रोज गच्चीवर बाजरी टाकतात. पुण्य त्यांचं, विष्ठा आमची. या वर्षी एप्रिलपर्यंत पांढऱ्या गच्चीचा तवा झाला होता.

त्या तव्याच्या बरोबर खाली, मागच्या खोलीत, माझ्या सासूबाई राहतात. वय अठ्ठ्याऐंशी, मूळच्या वर्ध्याकडच्या, दिल्लीत अकरा वर्षं होऊनही बोली तिकडचीच. एसी त्यांना चालत नाही. "हाडात शिरते थंडी," म्हणतात, आणि रिमोट उशीखाली दडवून ठेवतात. एप्रिलच्या शेवटी त्यांना बाथरूमच्या दारात भोवळ आली. मी मागेच होते म्हणून धरलं. डॉक्टर म्हणाले, खोली थंड ठेवा, नाहीतर यांना दुसरीकडे हलवा, या वयात पुन्हा असं व्हायला नको.

नागपूरच्या माझ्या दिरांनी हे फोनवर ऐकलं आणि त्याच दिवशी तिकीट काढलं. बुद्धपौर्णिमेनंतरच्या शनिवारचं. ते आदल्या दिवशी स्वतः येऊन आईला घेऊन जाणार होते. त्यांचं घर तळमजल्याचं आहे, मागे कडुनिंब आहे, खिडकीत वाळ्याचा कूलर आहे. तरीही ऐन मे महिन्यात गारव्यासाठी नागपूर म्हणजे आगीतून फुफाट्यात. मी हे बोलून दाखवलं नाही.

बोलून का दाखवलं नाही, तेही सांगते. मी थकले होते. अकरा वर्षं पहाटे पाचचा चहा, मिठाचं प्रमाण, गोळ्यांचे डबे, रात्री दोनदा उठणं. त्या वाईट नाहीत. मीही वाईट नाही. पण तिकीट निघाल्याचं कळलं तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्या सुटकेची लाज वाटली.

ह्यांचं मात्र एकच. "आई कुठेही जाणार नाही. गच्ची साफ केली की रंग पुन्हा काम करेल, खोली थंड होईल, विषय संपला." जेवणाच्या टेबलावर असं म्हणाले जसं काही फाइलवर सही केली. मग सगळं आटोपल्यावर, मी ओटा पुसत असताना, मागे येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "बाबा गेले तेव्हा मी आसामात होतो. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गाडीत बसलेला माणूस परत येत नाही गं." मी ओटा पुसत राहिले.

तेव्हा प्रश्न इतकाच होता: शनिवारच्या आत गच्ची पांढरी करायची. हातात सोळा दिवस.

माझ्यासारख्या साध्या बाईला वाटेल की दोन माणसं बोलवावीत, घासून घ्यावं. पण सोसायटी म्हणजे सोसायटी. आमचे सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहतात आणि त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीसाठी एक 'नाही' तयार असतो. मागे एकदा कुणीतरी प्रेशरचं मशीन आणून गच्ची धुतली, तर रंगासकट वॉटरप्रूफिंगही सोलून निघालं आणि पावसात खालच्या घरांत धारा लागल्या. तेव्हापासून मशीनला बंदी. गच्चीवरचा प्लग-पॉइंट एका दिवाळीत शॉर्ट झाला, तेव्हापासून तो सीलबंद. टाकीतून पाणी घ्यायचं नाही, उन्हाळा आहे. हे सगळं त्यांनी जिन्यात उभं राहून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "बाकी आप आराम से कीजिए, सर, हमें कोई प्रॉब्लम नहीं."

ह्यांना उलट आनंद झाला. अडचण दिसली की ह्यांचे डोळे चमकतात. दुसऱ्या दिवशी मेट्रोने जुन्या दिल्लीच्या बाजारात गेले आणि एक पंप घेऊन आले. शेतात पाठीवर घेऊन फवारतात ना, त्या टाकीत असतो तसला. हातात मावेल एवढा. बारा व्होल्टवर चालतो, आत रबराचा पडदा असतो, तो मागेपुढे हलतो आणि पाणी ढकलतो. वीज नको, प्रेशर मशीन नको, ब्लीच घातलेलं पाणी हलकेच फवारायचं, बस. दुकानदाराने सांगितलं होतं, "अंकल जी, ऐसा प्रेशर देगा कि काई अपने आप भागेगी." काई म्हणजे शेवाळ. ह्यांनी ते वाक्य मला तीनदा ऐकवलं.

बॅटरी घरात होतीच, इन्व्हर्टरची, मागच्या बाल्कनीत. सासूबाईंच्या खोलीला लागून. पण ती उचलायची तर दोन तगडे गडी हवेत, आणि ह्यांची बायपास झालेली. म्हणून बॅटरी खालीच ठेवायची आणि वायर वर गच्चीवर न्यायची असं ठरलं. वायर कुठली? माळ्यावरची. आमच्या माळ्यावर सात बदल्यांचा संसार आहे. गुवाहाटीचे सॉकेट, भोपाळचे होल्डर, आणि दारावरच्या घंटीच्या वायरीचं एक भलंमोठं भेंडोळं, जे मी तीन वेळा टाकायला काढलं आणि ह्यांनी तीन वेळा परत ठेवलं. "बघितलंस? मी म्हणत होतो ना, कामाला येईल!" भेंडोळं छातीशी धरून ते शिडीवरून उतरले तेव्हाचा चेहरा मला आजही आठवतो.

मी एवढंच विचारलं, "अहो, बारीक नाहीये का ही?"

"अगं, बारा व्होल्ट आहेत. दोनशे तीस नाही. बारा व्होल्टात असतं काय? हात लावला तरी कळत नाही."

इंजिनियर कोण होतं?

पहिल्या सकाळी साडेपाचला आम्ही गच्चीवर. बादलीत ब्लीचचं पाणी, बादलीशेजारी पंप, पंपाला पाइप, पाइपाला फवारा. घंटीची वायर बाल्कनीतून वर, कठड्यावरून, टाकीला वळसा घालून गच्चीच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत. मी खाली जाऊन बॅटरीला चिमटे लावले आणि ओरडले, "लावलं!" वरून काही आवाज नाही. धावत वर गेले. पंप कण्हत होता. खरंच कण्हत होता, सर्दी झालेल्या म्हाताऱ्यासारखा, आणि फवाऱ्यातून पाणी ठिबकत होतं. ह्यांनी फवारा उंच धरला तर ठिबक त्यांच्याच बाहीवर.

"पंपच खराब दिलाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजार, पुन्हा मेट्रो. दुकानदाराने पंप स्वतःच्या बॅटरीला लावून दाखवला, तर दुकानाबाहेरच्या हातगाडीपर्यंत धार गेली. मग ह्यांचा निष्कर्ष: दोष नोझलचा. भोक मोठं आहे, जोर मिळत नाही. एक बारीक भोकाचं नोझल घेऊन आले.

बारीक नोझलने नवा तमाशा सुरू झाला. पंप चालू होई, टक करून बंद पडे, पुन्हा चालू, पुन्हा टक. त्यात म्हणे एक स्विच असतो, पाणी तुंबलं की तो पंपाला थांबवतो. नोझलमधून पाणी जायला जागाच नाही, मग तुंबणारच. टक, टक, टक, टक. आणि जे काही बाहेर येत होतं ती धार नव्हती, धुकं होतं. ते धुकं वाऱ्यावर उडालं आणि सेक्रेटरींच्या बायकोच्या गडद निळ्या दुपट्ट्यावर जाऊन बसलं, जो गच्चीच्या त्या टोकाला वाळत होता. दुपारपर्यंत त्यावर चांदण्या उमटल्या. ती बिचारी दुपट्टा घेऊन दारात आली. ह्यांनी तिला प्रेशर स्विच समजावून सांगायला सुरुवात केली, तेव्हा मी मधे पडले, माफी मागितली आणि माझ्या कपाटातला नवा दुपट्टा तिला दिला. भाच्याच्या लग्नात मिळालेला. आवडता होता.

त्या दिवशी मी ह्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलले.

इकडे सासूबाई खाली पलंगावर पडून सगळं ऐकत होत्या. वरचा पंप त्यांच्या डोक्यावरच वाजायचा, स्लॅबमधून आवाज सरळ खाली यायचा. मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, "काय बह्याडपणा लावला हाय तुमी? थो आज सकाळी नुस्ता भिरभिरत होता. पानी नाई, हवा ओढून राहिला थो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्या वाड्यावर हापशी होती. वायसर सुकला का अशीच भकभक कराची. आंधी वरून पानी ओता, मंग हापसा. आन् नळीचा सांधा पाहून घे म्हणा त्याले."

मी वर जाऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी अर्थातच ऐकलं नाही. हापशी वेगळी, डायफ्राम पंप वेगळा, त्याला पाणी ओतावं लागत नाही, तो स्वतःच ओढतो, वगैरे. भाषण झाल्यावर गुपचूप सांधा बघितला. बादलीत बुडवलेली नळी जिथे पंपाला जोडली होती तिथे ती सैल होती आणि बुडबुडे आत जात होते. शिवाय नळीच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते तिच्यात कबुतराची पिसं आणि वाळू गच्च भरलेली. ह्यांनी जाळी धुतली, जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून सांध्यावर आवळली, जुनं नोझल परत लावलं. भिरभिर थांबली. धार थोडी सुधारली. पण कण्हणं काही जाईना. अर्धा तास फवारून दोन हात जागा ओली झाली, आणि गच्ची आमची साठ पावलं लांब.

त्यानंतरचे काही दिवस मला नीट आठवायचेसुद्धा नाहीत. रोज पहाटे गच्ची, रोज एक नवा सिद्धान्त. पाइप लांब आहे. पाइप कापला. पाइप आखूड पडला. पाइप जोडला. बॅटरी कमी चार्ज आहे. मीटर लावलं, साडेबारा, म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग पंपाला उष्णता बाधते. पंपाला सावली हवी. म्हणून पंपावर माझी जुनी छत्री. मी छत्री धरून उभी, हे फवारा धरून उभे, आणि समोरच्या इमारतीतल्या बायका चहाचे कप घेऊन बाल्कनीत उभ्या. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! मी हे मोठ्याने म्हणाले. ह्यांनी ऐकू न आल्याचं दाखवलं.

आणि मग ती दुपार आली. बुद्धपौर्णिमेच्या तीन दिवस आधीची. सकाळी पंपासाठी ह्यांनी इन्व्हर्टर बंद केला होता आणि परत चालू करायला विसरले. दुपारी अडीचला लाइट गेली. सगळ्या सोसायटीत इन्व्हर्टरवर पंखे फिरत होते, फक्त आमच्या घरात नाही. आम्ही दोघं पुढच्या खोलीत डुलक्या घेत होतो, पंखा थांबल्याचं कळायला वेळ लागला. मी मागे धावले तेव्हा सासूबाई पलंगावर बसून होत्या, पदर घामाने चिकटलेला, ओठ कोरडे, आणि डोळे कुठेतरी लांब. त्यांनी मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारली. नणंद जाऊन नऊ वर्षं झाली आहेत.

ओली फडकी, मीठ-साखरेचं पाणी, वर्तमानपत्राने वारा. अर्ध्या तासाने त्या भानावर आल्या. ह्यांना इन्व्हर्टरचं बटण समोर असून सापडेना, ते मी दाबलं. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मला संताप आला होता. आईला ठेवून घेण्यासाठी म्हणून आणलेल्या पंपाने आईला नेलंच असतं.

त्याच संध्याकाळी मी सासूबाईंची थैली भरली. निळ्या कापडाची मोठी थैली, दोन कडी असलेली. चार लुगडी, शाल, गोळ्यांचे डबे, डॉक्टरांचा कागद, पौर्णिमेला नेसायचं पांढरं पातळ फक्त बाहेर ठेवलं. सासूबाई पलंगावरून बघत होत्या. हे दारात येऊन उभे राहिले, थैलीकडे बघितलं आणि विचारलं, "अजून आठवडा आहे ना?"

"तयारी नको का?" मी म्हणाले.

ते निघून गेले. मी चेन ओढली. चेन अर्ध्यात अडकली, तर तीही जोर लावून ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर जाणारच नव्हते. पण हे एकटेच जिना चढू लागले, छातीवर हात ठेवून, तेव्हा जावं लागलं. वर गेल्यावर म्हणाले, "तू फक्त मीटर धर. बॅटरीला व्होल्टेज बरोबर येतंय. आता पंपापाशी बघू, म्हणजे पंपाचाच दोष पक्का होईल." त्यांना अजून तो दोष पंपाच्या माथी मारायचा होता. मी उकिडवी बसले, मीटरच्या दोन सुया पंपाच्या दोन टोकांना टेकवल्या. पंप चालू झाला. कण्हला.

"किती?"

"आठ."

"आठ कसे असतील? नीट धर. बारा असणार."

"आठ आहेत. आता साडेसात."

"अगं, तू सुया हलवतेयस—"

आणि तेव्हा माझ्या तोंडून ते बाहेर पडलं. मी ठरवून बोलले नाही. डोक्यात रागाशिवाय काही नव्हतं आणि जिभेवर नऊ वर्षांचं टायपिंग. "फीडरची पूर्ण लांबी विचारात घेऊन व्होल्टेज ड्रॉपचं कॅल्क्युलेशन जोडलेलं नाही. प्रस्तावित केबल अपुऱ्या जाडीची दिसते. पूर्ततेसाठी परत."

हे शेरे इंग्रजीत असायचे, पण मी मराठीत म्हणाले, आणि शेवटचं 'परत' अगदी त्यांच्याच आवाजात. किती ठेकेदारांच्या फायली या तीन ओळींनी परत गेल्या असतील! एकदा एका ठेकेदाराने माझ्या टेबलासमोर उभं राहून रडवेल्या आवाजात विचारलं होतं, मॅडम, साहेबांना ही लांबी दिसते तरी कशी?

हे माझ्याकडे बघत राहिले. मग वायरीकडे बघितलं. घंटीची ती केसासारखी वायर, टाकीला वळसा घालून, कठड्यावरून, गच्चीच्या त्या टोकापर्यंत गेलेली. नजर तिच्यावरून हळूहळू सरकत गेली आणि तितकीच हळू परत आली. मग ते कठड्यावर बसले. छत्रीखाली पंप अजून कण्हत होता.

"बॅटरीतून बारा निघतात आणि चार ही वायरच खाते. व्होल्टेज कमी, तर करंट जास्त," ते स्वतःशीच म्हणाले. "करंट जास्त, तर वायर जाड. बारा व्होल्ट म्हणजे उलट जास्त जाड. दोनशे तीसपेक्षा जास्त जाड. हे मी पोरांना शिकवायचो."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," मी सुरू केलं, पण पुढचं म्हणाले नाही. त्यांचा चेहरा बघून म्हणवलं नाही.

आता त्यांच्याविषयी एक गोष्ट मान्य करायला हवी. चूक कबूल करायला त्यांना पंधरा दिवस लागतात, पण कबूल केली की ते वेळ घालवत नाहीत. खाली उतरले, बाल्कनीत गेले, बॅटरीकडे बघत दहा मिनिटं उभे राहिले. मग म्हणाले, "वीज वर कशाला न्यायची? पाणीच वर पाठवू. हा पंप ओढायला कच्चा आहे, पण ढकलायला पक्का आहे. एक मजला म्हणजे त्याला काहीच नाही."

त्या दिवशी सगळं उलटं झालं. पंप बाल्कनीत, बॅटरीच्या अगदी शेजारी, हातभर जाड वायरीने जोडलेला. बादली स्टुलावर, पंपापेक्षा उंच, म्हणजे पाणी आपोआप पंपात उतरेल, ओढावं लागणार नाही. नळी वर गेली, जुन्यापेक्षा जाड, कारण बारीक नळीतही दाब वाटेत मरतो. आणि नोझल पंख्यासारखं पसरणारं, धुकं न करणारं. फक्त एक अडचण राहिली. आम्ही दोघं वर, तर खाली पंप चालू-बंद कोण करणार? बादली रिकामी झाली आणि पंप कोरडा चालला तर आतला रबराचा पडदा फाटतो.

"मले द्या थे बटन," खोलीतून आवाज आला.

आम्ही दोघंही वळलो. सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, पाय खाली सोडून. "दहा दिवस झाले आयकून राहिली मी त्याले. तुमच्यापेक्षा मले जास्त कळते, थो कधी पानी ओढते आन् कधी हवा."

बाल्कनीच्या दाराशी त्यांची खुर्ची लावली, सावलीत. ह्यांनी एक साधा बटणाचा बोर्ड करून त्यांच्या मांडीवर दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही वर गेलो. हे कठड्यावरून वाकून म्हणाले, "आई, चालू!"

पंप सुरू झाला तेव्हा आधी मला वाटलं दुसराच कुठला आवाज आहे. कण्हणं नाही, टकटक नाही. एकसारखी घरघर, शिवणाच्या मशीनसारखी. आणि फवाऱ्यातून पाण्याचा रुंद पदर बाहेर पडला, सपाट, जड, चार हात लांब जाऊन अलगद शेवाळावर पडणारा. हे ओरडले नाहीत, नाचले नाहीत. नुसते फवारा हळूहळू डावीकडून उजवीकडे नेत राहिले. मीच रडले. रागाने रडले असेन. दहा दिवस वाया, एक दुपट्टा गेला, एक माणूस जाता जाता राहिलं, आणि कारण काय, तर माळ्यावरची वायर.

"आई, बंद!" खालून टक. घरघर थांबली.

मग ह्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी आधीच सांगितली असती तर बरं झालं असतं. जोराने काही होत नाही. पंपाचं काम पाणी पसरवण्याचं, साफ करण्याचं काम ब्लीचचं, आणि ब्लीचला वेळ लागतो. पंधरा मिनिटं नुसतं थांबायचं. उन्हं चढायच्या आत, म्हणजे ते सुकत नाही. आम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून थांबलो. डोळ्यांसमोर काळं तपकिरी झालं, तपकिरी पिवळं झालं. मग मी लांब दांड्याच्या ब्रशने हलका हात फिरवला, ह्यांनी साध्या पाण्याने धुतलं, आणि खालचा पांढरा रंग असा वर आला की डोळे दिपले.

एकूण चार सकाळी लागल्या. मधे बुद्धपौर्णिमा आली. त्या दिवशी सासूबाई पांढरं पातळ नेसून वंदनेला बसल्या, खिरीची वाटी संपवली आणि मला म्हणाल्या, "आज पंप नाई का?" मी म्हटलं, आज सुट्टी. तर तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी साडेपाचला माझ्या आधी उठून खुर्चीत बसलेल्या. आमच्या हाकेची वाटही बघेनात. बादली तळाला आली की आवाजावरून ओळखून स्वतःच बंद करायच्या आणि वरच्या दिशेने ओरडायच्या, "पानी भरा लेकहो!" समोरच्या इमारतीतल्या बायका आता त्यांच्याकडे बघून हात हलवायच्या.

गुरुवारी दुपारी तीन वाजता मी मागच्या खोलीत गेले आणि पलंगावर चढून छताला तळवा टेकवला. मागच्या आठवड्यात इथे हात दोन क्षणही ठेवता येत नव्हता. आता कोमट होतं, बस. मी हात ठेवून तशीच उभी राहिले. सासूबाई उघड्या डोळ्यांनी खालून माझ्याकडे बघत होत्या.

संध्याकाळी दिरांचा फोन आला. उद्या पोचतो म्हणाले, आईला तयार ठेवा. हे फोन हातात धरून नुसते उभे राहिले. आईवर हक्क दोघांचाही. सासूबाईंनी हात पुढे करून फोन मागून घेतला.

"जय भीम बाबू. हो, बरी हाय. नाई, मी नाई येत. अरे सवड कुठी हाय मले? इथं पंप मी चालवतो. पावसाळ्याच्या आंधी पुन्हा एकदा माराचा हाय म्हंते तुहा भाऊ. तूच ये चार दिवस, वरती ब्रश माराले मानूस पाहिजे." आणि फोन परत दिला.

ह्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

मी उठले, तेवढ्यात सासूबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हाताला ब्लीचचा वास येत होता. पलंगाखालून निळ्या थैलीचं टोक दिसत होतं, अर्ध्यात जोर लावून ओढलेली चेन तशीच वाकडी. त्यांनी तिकडे बोट दाखवलं. आवाजात राग नव्हता, आणि राग नव्हता हेच मला जड गेलं.

"थैली तूनंच भरली होती न," त्या म्हणाल्या. "मंग तूच खाली कर."

मी जमिनीवर बसले आणि चेन सोडवायला लागले.